बॉनेट उघडं आहे, या!

आजकालच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. त्यावर कंपनीचं नाव, आणि झाकणाखाली नक्की काय आहे ते फक्त कंपनीला ठाऊक. माणूस दोन मिनिटं आदराने बघतो, काच धुण्याचं पाणी कुठे ओतायचं तेवढं समजून घेतो आणि बॉनेट बंद करतो. अशी गाडी रस्त्यात बंद पडली तर येणारेजाणारे हळहळतात, पण थांबत नाहीत. बोलायला काही नसतं, म्हणून थांबायला कारण नसतं.

जुन्या जीपचं तसं नाही. बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या काढून ते मागे टाकलं की सगळं इंजिन उघड्यावर येतं. हा कार्बोरेटर, हा डायनॅमो, हा डिस्ट्रिब्युटर, हा पंख्याचा पट्टा. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी, हात घालून सोडवता येईल अशी. त्यामुळे 'हे आपल्यालाही कळतंय' असं बघणाऱ्याला वाटायला लागतं. आणि एकदा तसं वाटलं की माणूस घरी जात नाही.

आमच्या दाजींनी सिकंदराबादेत, मारेडपल्लीतल्या घराच्या अंगणात जीपचं इंजिन उतरवायला घेतलं, तेव्हा इंजिनाची काळजी त्यांना फारशी नव्हती. या न जाणाऱ्या माणसांची असायला हवी होती.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं तपासल्यामुळे कुठलीही गोष्ट मुळापासून उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. निवृत्तीनंतर उघडण्यासारखं घरात काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी महिंद्राची साठच्या दशकातली सीजे-थ्री-बी जीप विकत घेतली. ती मुळात कुठल्याशा सरकारी खात्यातून लिलावात निघालेली. तिने हैदराबादेत आंध्र प्रदेश पाहिला, 2014 साली तेलंगण पाहिलं, 2024 मध्ये नव्या नंबरांची अक्षरं 'टीएस'ची 'टीजी' झालेली पाहिली. एवढ्या उलथापालथीत इंजिनाचा नंबर तेवढा तोच राहिला, याचं दाजींना फार कौतुक.

त्याहून मोठं कौतुक जीपच्या हैदराबादी नात्याचं. येणाऱ्याला चहा मिळण्याआधी हा इतिहास मिळतो. 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. हे गृहस्थ एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे 1948 मध्ये कंपनीच्या पाटीवर दुसऱ्यांदा 'महिंद्रा' आलं. मुंबईला माझगावात विलीजच्या जीपचे सुटे भाग जोडायचं काम सुरू झालं. "म्हणजे बघा," दाजी समारोप करतात, "सुरुवातीची निम्मी पाटी आपल्या हैदराबादची!" निजामाचा खजिना सांभाळणाऱ्या माणसाचा धागा असलेली गाडी पेट्रोल इतकं का पिते, हे मला तेव्हा समजलं.

जीपचं बॉनेट उंच का, याचंही उत्तर दाजींकडे तयार असतं. लढाईतल्या जीपमध्ये बुटकं इंजिन होतं. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, त्या सगळ्या त्याच बुटक्या इंजिनाच्या. पुढे विलीजने 'हरिकेन' नावाचं नवं इंजिन काढलं. चार सिलिंडर, 2,199 सीसी, ताकद सत्तर-पंचाहत्तर घोड्यांची. ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा इंजिन बुटकं करण्याऐवजी कंपनीने बॉनेटच उंच केलं, आणि 1953 मध्ये थ्री-बी जन्माला आली. अमेरिकेत ती 1968 साली बंद झाली. आपल्याकडे मात्र ती पुढेही वर्षानुवर्षं बनत राहिली, कारण आपल्याकडे चांगलं चाललेलं काही उगाच बंद करण्याची पद्धत नाही.

हरिकेनची उंची वाढली ती व्हॉल्व्हमुळे. आजच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह डोक्यात असतात. लढाईतल्या जीपच्या इंजिनात सगळे खाली ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. वाटणी झालेल्या वाड्यासारखा प्रकार: मिळवते वरच्या मजल्यावर, धूर काढणारे खालच्या, आणि जिना एकच. दोघांच्या टॅपेटमध्ये ठेवायची फटही वेगवेगळी. वरच्यांना 18 थाऊ, म्हणजे इंचाचे 18 हजारावे भाग, खालच्यांना 16.

अशी मूळ पेट्रोल इंजिनाची जीप आता सहज मिळत नाही. पेट्रोल महागत गेलं तसतशी हजारो जीपच्या पोटातली हरिकेन काढून तिथे डिझेल इंजिनं बसवली गेली, कुठे ट्रॅक्टरच्या घराण्यातली, कुठे प्यूजोची. दाजींच्या जीपचं पोट तेवढं शाबूत होतं. "लिटरला किती देते?" हा प्रश्न मात्र त्यांना विचारायचा नसतो. विचारला तर ते म्हणतात, "लिटर हे मापच हिच्या काळातलं नाही. गॅलनमध्ये विचारा."

इंजिन उतरवायचं ठरलं तो रविवार होता. उस्ताद सकाळी येणार होते, म्हणजे दुपारी आले. उस्ताद मुशीराबादचे, वय साठीच्या पुढे, हात कोपरापर्यंत काळे आणि कुर्ता कायम पांढरा. हे त्यांना कसं जमतं हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, रेडिएटरवर टिचकी मारली आणि म्हणाले, "कुच नै साब. रिंग-पिस्टन डाले तो मक्खन हो जाती." नंतर कळलं, हे वाक्य ते प्रत्येक इंजिनासमोर म्हणतात. डॉक्टरांनी "काळजीचं कारण नाही" म्हणण्यापेक्षा ते कितीतरी जास्त गंभीर असतं.

इंजिन वर उचलायला चेनकुप्पी आणली होती. ती कुठल्या फांदीला लावायची यावर पहिली बैठक भरली. अंगणातल्या आंब्याची जाड फांदी सगळ्यांना पसंत होती, पण तिचा अर्धा भाग शेजारच्या वकीलगारूंच्या हद्दीत जात होता. त्यामुळे त्यांचा निम्मा सल्ला हक्काचा ठरला आणि उरलेला निम्मा त्यांनी शेजारधर्म म्हणून दिला. शेवटी फांदी बाजूला राहिली आणि तीन लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली. चार माणसांनी इंजिन बाजूला घेतलं. चौघांनी आणि कुप्पीने भागलं असतं, पण "सावकाश, सावकाश" म्हणायला पाचवा लागतो. ते काम मी केलं.

त्याआधी सुटे झालेले नट-बोल्ट कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्रत्येक जागचे बोल्ट वेगळे ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. दाजी स्वयंपाकघरात गेले आणि इडलीपात्र घेऊन आले. प्रत्येक खळग्यात एकेका जागचे नट-बोल्ट. आठ व्हॉल्व्ह ज्याचे त्याच्याच जागी परत बसायला हवेत, म्हणून मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून त्यात ओळीने उभे केले. ताईने खिडकीतून सगळं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. इडली तुम्हालाच आवडते. मला उपमाच आवडतो." त्या घरात पुढचे कितीतरी रविवार उपमा झाला.

हेड काढताना पहिली कसोटी लागली. दिसतील तेवढे बोल्ट काढून झाले. हेड हलेना. उस्तादांनी लाकडी हातोड्याने दोन टोले दिले. वकीलगारू म्हणाले, बाजूने मारा. गच्चीबावलीला सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा भाचा म्हणाला, एकदा सगळं परत बसवून पुन्हा उघडून बघू या, आमच्याकडे बहुतेक अडचणी बंद-चालू केल्याने सुटतात. दाजी म्हणाले, "अरे, चालूच होत नाही म्हणून तर बंद पडलीय. आता आणखी बंद कशी करू?" कोणीतरी पहार आणायला गेलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक सुभेदारसाहेब चहा पीत बसले होते. ते लष्कराच्या ईएमई दलातून निवृत्त झालेले. ही यंत्रं दुरुस्त करणारं दल, आणि त्यांची मोठी संस्था इथेच तिरुमलगिरीला. त्यामुळे सिकंदराबादेत अंगणात बसलेल्या कुठल्याही दहा माणसांत एक ईएमईवाला निघतोच. पहार आली तेव्हा साहेबांनी कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "कार्बोरेटर काढा." कार्बोरेटर काढला. त्याच्या खालच्या भोकात, वरून दिसणार नाही असा, हेडचा एक बोल्ट दडून बसला होता. हरिकेनची ही जगप्रसिद्ध खोडी आहे. साहेबांना विचारलं, इतका वेळ का नाही सांगितलं? ते म्हणाले, "कोणी विचारलंच नाही. सगळे सांगतच होते."

हे सुभेदारसाहेब जीपविषयी बोलायला लागले की सगळे गप्प होतात. एकदा त्यांनी सांगितलं, लष्करी प्रात्यक्षिकांत जवान धावत येतात, उभी जीप काही मिनिटांत सुटी करतात, तितक्याच वेगाने पुन्हा जोडतात आणि तिच्यात बसून निघून जातात. ते ऐकून ताईने अंगणात पसरलेल्या दाजींच्या जीपकडे अशी नजर टाकली की दाजी ऑइल पंपाखाली बघायला लागले. "अहो, ते इंजिन उघडत नाहीत," ते पुटपुटले. साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आणि तिथे नातेवाईक नसतात."

सगळ्या प्रकरणाची चावी मला वाटतं इथेच आहे. जीप बनली ती रणांगणावर, कमीत कमी हत्यारांनी, कुठल्याही साध्या जवानाला दुरुस्त करता यावी म्हणून. पण रणांगणावर एकच जवान असतो, वर एकच अधिकारी असतो आणि समोर शत्रू असतो. दुरुस्ती लवकर उरकण्यासाठी शत्रूइतकं उपयोगी दुसरं काही नाही. मारेडपल्लीत शत्रू कोणी नव्हता, सगळे हितचिंतक होते. आणि जे यंत्र कुठल्याही साध्या माणसाला समजावं म्हणून बनवलेलं आहे, ते अंगणात उघडं पडल्यावर सगळ्या साध्या माणसांना समजलं, यात त्या माणसांचा काय दोष?

यातले पाहुणे मामा नांदेडचे. त्यांना इंजिन काहीच कळत नव्हतं, पण जीप कळत होती. जीप म्हणजे त्यांच्या लेखी सरकार. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर बीडीओसाहेब जीपमधून यायचे, तेव्हा धुळीवरूनच साहेब कोणत्या मूडमध्ये आहेत ते समजायचं, असं ते सांगत. निवडणुकीत तीच जीप कर्णा लावून यायची. मग काळीपिवळी होऊन ती तालुक्याला माणसं न्यायला लागली, तेव्हा ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसायचा आणि गाडी तोच चालवतोय असं वाटायचं. मामांच्या आठवणी ऐकताना उस्तादांचे हात थांबत, आणि तेवढ्यात आणखी एक चहा व्हायचा.

सुटे भाग आणणं हा वेगळा उद्योग. राणीगंजात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं खेटून उभी आहेत, आणि तिथला दुकानदार भागाचं नाव ऐकून नाही, तुमचा चेहरा बघून भाव सांगतो. तिथे मिळालं नाही तर गुरुवारी पुरानापुलाकडचा जुमेरात बाजार. जमिनीवर पसरलेल्या गंजक्या लोखंडात तिथे घड्याळापासून गिअरपर्यंत काहीही सापडतं. दाजींना तिथे डिस्ट्रिब्युटरची टोपी मिळाली. सोबत त्यांनी एक शिलाई मशीनचं चाक आणि पितळी नळ का आणला, याचा खुलासा अजून झालेला नाही.

ब्लॉक बोअरिंगला नेला तिथे मोजमापाच्या दोन संस्कृती समोरासमोर आल्या. खरादवाल्याकडे मायक्रोमीटर. तो इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे थाऊत बोलणारा माणूस. मूळ बोअर सव्वातीन इंचाला अर्धपाव कमी, म्हणजे तीन इंच आणि एक सूत. सिलिंडर घासून इतके वाढले होते की 30 थाऊ ओव्हरसाइझचे पिस्टन घालावे लागणार. उस्तादांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवून आधीच सांगितलं होतं, "आधा सूत खा गया." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 125 थाऊ. त्याच्या निम्मं जरी खरोखर खाल्लं असतं, तरी पिस्टनऐवजी नवा ब्लॉकच आणायला लागला असता. खरादवाला हसला. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "मिशन को थाऊ दिखता, उंगली को तकलीफ दिखती." यावर मायक्रोमीटरकडे उत्तर नव्हतं.

दरम्यान ताईने एक दिवस बहादूरपुऱ्यातलं सुधा कार म्युझियम बघून यायचं ठरवलं. तिथे एका हौशी माणसाने बूट, बर्गर, क्रिकेटची बॅट अशा आकारांच्या चालत्या गाड्या बनवल्या आहेत. त्याच माणसाने 2005 साली 41 फूट 7 इंच उंचीची तीनचाकी सायकल बनवून गिनेसच्या पुस्तकात नाव घातलं. दाजींना वाटलं, हे पाहून ताईला यंत्रप्रेमाची महती पटेल. ताई परत आली, अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "काय की बाई! तिथे बुटाच्या आकाराची गाडी चालते, अन् आपल्याकडे गाडीच्या आकाराची गाडी चालेना."

शेवटी इंजिन जोडून झालं. नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, घासून बसवलेले व्हॉल्व्ह, नवं हेड पॅकिंग. ज्या दिवशी सुरू करायचं होतं त्या दिवशी अंगणात उभं राहायला जागा नव्हती. हँडल मारायचा मान सुभेदारसाहेबांना. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा," त्यांनी सगळ्यांना दाखवलं, "इंजिन उलटं फिरलं तर हँडल सुटून जातं. अंगठा पलीकडे असला तर तोही जातो." पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत कार्बोरेटरमधून असा बार निघाला की आंब्यावरचे कावळे वकीलगारूंच्या हद्दीत गेले.

मग मतं सुरू झाली. पेट्रोल जास्त. पेट्रोल कमी. पॉइंट उघडत नाही. कंडेन्सर गेला. वायरी 1-3-4-2 या क्रमाने लावल्या का? लावल्या होत्या. पण घड्याळाच्या दिशेने की उलट? उलट, म्हणजे बरोबर. भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका आजोबांचा व्हिडिओ लावला. मामा म्हणाले, बीडीओची जीप ढकलल्यावर चालायची. ही चर्चा रंगात असताना उस्ताद जीपखाली सरकले आणि त्यांनी ऑइल पंप सोडवला. हरिकेनमध्ये डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या दांड्यावर फिरतो. पंप बसवताना एक दात इकडेतिकडे झाला की ठिणगीची वेळ चुकते, आणि वरून कितीही वायरी बदलल्या तरी ती सापडत नाही. उस्तादांनी तो दात सरळ केला. कोणाला सांगितलं नाही, कारण पंप बसवताना आठ जण सूचना देत होते आणि त्या सगळ्या त्यांनी पाळल्या होत्या.

पुढच्या हँडलला इंजिन सुरू झालं. चारही सिलिंडर लागले, आणि अंगणातली चर्चा पहिल्यांदाच पूर्ण बंद पडली. बोललेलं ऐकूच येत नव्हतं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस दाजींसाठी वाईट गेले. जीप चालत होती. पहिले पाचशे मैल दामटायची नाही, म्हणून ते हळूहळू कॉलनीत फेऱ्या मारत. पण अंगणात कोणी येईना. सुभेदारसाहेब फाटकावरूनच सलाम करून जात. वकीलगारूंना कोर्टात कामं निघाली. उस्तादांचा फोन लागायचा, पण बोलायला विषय नसायचा. मामा नांदेडला परतले. चालत्या जीपकडे लोक बघत आणि 'वा' म्हणून निघून जात, प्लास्टिकचं झाकण असलेल्या गाडीकडे बघून जातात तसेच.

मग एका सकाळी वकीलगारू फाटकाशी थबकले. कान पुढे करून म्हणाले, "जरा टॅपेटचा आवाज येतोय का?" दाजींनी क्षणाचाही विलंब न करता बॉनेटच्या कड्या काढल्या. संध्याकाळपर्यंत खुर्च्या कमी पडल्या.

त्या बैठकीतच वकीलगारूंनी केंद्र सरकारचा 2021 चा नियम वाचून दाखवला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठी उलथापालथ न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत दहा वर्षांची, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए'. "मोठी उलथापालथ म्हणजे चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल," ते म्हणाले. उस्तादांना राहवेना. "पचास साल की गाडी, और खोली च नै? वो गाडी नै साब, संदूक है." बदल आणि दुरुस्ती यांत फरक काय, यावर तासभर वाद झाला. उस्तादांची बाजू भक्कम होती, कारण त्यांनी आत घातलेलं सगळं जुन्यासारखंच कुरकुरत होतं.

पुढची अट ऐकून मात्र दाजींचा चेहरा उजळला. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. दाजी बोटांवर हिशेब करायला लागले. प्रदर्शन अंगणात रोज संध्याकाळी चालूच आहे. संशोधनाला सुभेदारसाहेब आहेत. रॅली म्हणजे काय, मागून ढकलणारे असले की झालीच. पेट्रोल तर हिला लागतंच. आणि देखभालीबद्दल कोणी बोलायलाच नको.

"म्हणजे," दाजी समाधानाने म्हणाले, "आपण इतके दिवस तंतोतंत कायद्यानेच वागत होतो."

खिडकीतून ताईने विचारलं, "मग मोंडा मार्केटात भाजी आणायला हिला न्यायची नाही?"

दाजींनी हात पुसले, बॉनेटकडे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "अगं, कायदा आडवा येतो."